खडकाळ उतारावरील काटेरी झुडपे

म्हैसूर शहराच्या आग्नेयेला उभी असलेली चामुंडी टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६० मीटर उंच आहे. शहर ज्या पठारावर वसले आहे तेच साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळे पायथ्यापासूनची प्रत्यक्ष चढण तीनशे मीटरांच्या आसपास भरते. माथ्यावर चामुंडेश्वरीचे देवालय आहे. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या कारकीर्दीत बांधलेल्या पायऱ्यांवरून आजही हजारो भाविक वर जातात व वाटेत एकाच शिळेतून कोरलेल्या भव्य नंदीपाशी विसावतात. त्यांची दृष्टी साहजिकच वरच्या गोपुराकडे किंवा खाली पसरलेल्या शहराकडे असते. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खडकांच्या बेचक्यांतून जे वाढलेले असते त्याकडे क्वचितच कोणी निरखून पाहतो. कंबरेएवढी, फार तर पुरुषभर उंचीची ही झुडपे बारीक पानांची, वेड्यावाकड्या फांद्यांची आणि बहुतेक काटेरी असतात. उन्हाळ्यात तर ती वाळून गेल्यासारखी दिसतात. कन्नड भाषेत अशा रानाला ‘कुरुचलु काडु’, म्हणजे खुरटे रान, असे म्हणतात. मराठी मुलखातला माणूसही त्याला ओळखील. कारण जेजुरी-पुरंदरच्या किंवा माण-खटावच्या माळरानांवर याच जातकुळीचे रान आहे. तेथेही त्याला कोणी फारशी किंमत देत नाही.

हे रान असे का आहे, हे समजण्यासाठी प्रथम त्याच्या पायाखालचा खडक पाहावा लागेल. म्हैसूरच्या भोवतालचा प्रदेश अतिप्राचीन पट्टिताश्म खडकांचा आहे. त्यात सुमारे ८० कोटी वर्षांपूर्वी जे ग्रॅनाइट घुसले व थिजले, त्याचीच ही टेकडी बनलेली आहे. ग्रॅनाइट झिजतो तो कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा. त्याच्या वक्र थरांचे तुकडे सुटतात, गोलसर धोंडे उघडे पडतात, आणि त्यांच्या फटींत भरड वाळूसारखी माती साठते. या मातीत पाणी टिकत नाही. म्हैसूरला वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा तसा लहान नाही. परंतु त्याचा मोठा भाग मे महिन्यातील वळवाच्या सरींत आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, आणि उघड्या खडकावर पडलेले पाणी काही मिनिटांतच ओघळून खाली जाते. डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आकाश जवळजवळ कोरडेच असते. शहरातील बागांना जो पाऊस पुरेसा होतो, तोच वरच्या उतारावर दुष्काळासारखा भासतो, याचे कारण हवेत नसून जमिनीत आहे.

कोरडा खडक, वारा आणि जनावरांचे दात या तिहींना एकाच वेळी तोंड देणाऱ्या वनस्पती जगात अनेक ठिकाणी आहेत, आणि त्यांचे एकमेकींशी असलेले साम्य थक्क करणारे आहे. इराण व अफगाणिस्तानातील पर्वतांचे उतार, तुर्कस्तानचे पठार, क्रीट बेट, मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वत या ठिकाणी काटेरी गिरद्यांसारखी झुडपे दूरवर पसरलेली दिसतात. अकॅन्थोलिमॉन, अ‍ॅस्ट्रॅगॅलस, ओनोब्रिकिस अशी त्यांची शास्त्रीय नावे आहेत. ती सर्व एकाच कुळातील नाहीत, पण आकार एकच: जमिनीला चिकटलेला, घुमटासारखा, बाहेरून काट्यांनी भरलेला गोळा. ट्रॅगकांथ नावाचा औषधी डिंक यांपैकीच अ‍ॅस्ट्रॅगॅलसच्या काही जातींपासून मिळतो. भारतात अशी खरी काटेरी गिरदी पाहावयाची तर लडाखला जावे लागते. तेथे अकॅन्थोलिमॉनची एक जात खडकाळ उतारांवर आढळते, आणि कॅरागाना नावाचे काटेरी झुडूप लाहौल-स्पितीपासून लडाखपर्यंत जळणासाठी तोडले जाते.

या घुमटाच्या आकाराला अर्थ आहे. दाट गुंफलेल्या फांद्यांच्या आत वारा शिरत नाही. गळलेली पाने तेथेच अडकून कुजतात. उडत आलेली धूळ व वाळू तेथेच थांबते. अशा रीतीने झुडूप स्वतःच्या पोटात स्वतःची माती तयार करते. थंड पर्वतांवर त्याच्या आतील हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते, आणि उष्ण उतारांवर त्याच्या सावलीतील जमीन कमी तापते. गवत खाऊन संपल्यावर भुकेले जनावर त्याच्याकडे वळते तेव्हा काटे आपले काम करतात.

म्हैसूरच्या टेकडीवर कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे जन्मजात घुमटाकार वाढणाऱ्या जाती तेथे नाहीत. तरीही तशी गिरदी तेथे दिसते. ती घडवतात बकऱ्या. करवंदाचे किंवा हेकळाचे झुडूप पायथ्याजवळ वाढत असेल तर येता-जाता प्रत्येक कोवळा शेंडा खुडला जातो. खुडलेल्या शेंड्याखालून दोन-तीन नवे फुटवे निघतात, तेही खुडले जातात. वर्षानुवर्षे हे चालले की कातरीने कातरल्यासारखी एक गच्च, गोल, अभेद्य गिरदी तयार होते. ती उंच होत नाही, पण कडेने रुंद होत राहते. एक दिवस ती इतकी रुंद होते की बकरीची मान मध्यापर्यंत पोहोचत नाही. मग मधला शेंडा सुटतो, सरळ वर जातो, आणि खालचे काटेरी वर्तुळ त्याचा आवार बनते. माळ्याने दहा वर्षे राखावे तसे रोपटे येथे राखले जाते, आणि राखणदार असतो त्याचा शत्रूच.

काट्यांचेही अनेक प्रकार आहेत आणि ते ओळखता आले तर हे रान वाचता येते. करवंदाचे दुहेरी काटे आणि गेळ्याचे सरळ, जाड काटे या खरे तर फांद्याच होत. त्यांची वाढ थांबून त्या टणक व अणकुचीदार झाल्या आहेत. बोरीचा काटा पानाच्या तळाशी असलेल्या उपपर्णांपासून बनतो. तेथे जोडीतला एक काटा सरळ तर दुसरा वाकडा असतो, त्यामुळे पुढे सरकणारा हात एका काट्याला टोचतो व मागे घेताना दुसऱ्यात अडकतो. तिची वेलीसारखी बहीण येरुणी केवळ आकड्यांवर भागवते आणि त्यांच्याच साहाय्याने शेजारच्या झुडपांवर चढते. पांढुरक्या सालीचा हिवर आपले लांब, सुईसारखे काटे उघडपणे मिरवतो. तिधारी निवडुंगाचे काटे लहान असतात, पण आतील दाहक दुधी चीक त्याचे खरे संरक्षण करतो. चामुंडीसारख्या टेकड्यांवर विपुल असलेली जखमी, जिला कन्नडमध्ये बंदरे म्हणतात, तिला तर काटाच नाही. तिची पाने राळेसारख्या चिकट द्रव्याने माखलेली असतात आणि बकरीही ती सहसा तोंडात घेत नाही. पंख असलेल्या तिच्या कागदी फळांचे घोस वाऱ्याबरोबर खडखडत लांबवर जातात. खडक नुकताच उघडा पडला असेल अशा ठिकाणी सर्वांच्या आधी येणाऱ्या झुडपांपैकी ती एक आहे.

काटे फुकट मिळत नाहीत. जे अन्न पाने किंवा फळे वाढवण्यासाठी वापरता आले असते ते काष्ठात खर्ची पडते. केनियातील एका बाभळीवर झालेल्या प्रयोगांत, कुंपण घालून चरणाऱ्या प्राण्यांपासून वाचवलेल्या झाडांना पुढे आखूड काटे येऊ लागले असे दिसून आले. म्हणजे वनस्पती आपल्या संरक्षणाचा खर्च धोक्याच्या मानाने कमी-जास्त करते. काट्यामुळे खाणे संपूर्णपणे थांबत नाही हेही लक्षात घेतले पाहिजे. सराईत बकरी ओठांनी काट्यांमधली पाने अलगद टिपते. फक्त प्रत्येक घासाला तिला वेळ लागतो. आणि तेवढाच वेळ झुडपाला जगण्यास पुरतो.

माणसाने काट्याचा हा गुण फार पूर्वीच हेरला होता. म्हैसूरपासून जवळच असलेल्या श्रीरंगपट्टणभोवती टिपूच्या काळी तटांच्याही बाहेर काटेरी झाडाझुडपांचे दाट, रुंद कुंपण राखलेले होते. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री कॉर्नवॉलिसच्या सैन्याने हल्ला केला तेव्हा त्याला प्रथम हे कुंपण ओलांडावे लागले. त्या मोहिमेत मराठ्यांचे सैन्य हरिपंत फडक्यांच्या नेतृत्वाखाली दोस्तांच्या छावणीत होते. आपल्याकडे चिल्हार म्हणून ओळखली जाणारी पिवळ्या फुलांची काटेरी वेल इंग्रजीत आजही ‘म्हैसूरचा काटा’ या नावाने प्रसिद्ध आहे. हैदरअलीने ती आपल्या गढ्यांभोवती लावून घेतली असे जुन्या इंग्रजी कोशांत सांगितले आहे. पुढे हीच वेल कुंपणासाठी म्हणून परदेशी गेली आणि दक्षिण आफ्रिकेत व हवाई बेटांवर उपद्रवी तण ठरली. मायदेशी जी राखण करते ती परक्या भूमीत आक्रमक कशी होते, याचे उलट उदाहरण म्हैसूरनेही पुढे अनुभवले. ते ओघाने येईलच.

परंतु काटेरी झुडपाचे सर्वांत मोठे काम युद्धाशी नव्हे, तर चंदनाशी निगडित आहे. ज्या झाडाने म्हैसूरचे नाव जगभर नेले ते दाट, उंच अरण्यात वाढणारे नाही. पठाराच्या कोरड्या भागातील विरळ, झुडपी रान हेच त्याचे घर. चंदन अर्धपरोपजीवी आहे. त्याची पाने हिरवी असतात व ती स्वतःचे अन्न बनवतात, पण त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषकांनी चिकटतात आणि त्यांच्यातून पाणी व क्षार घेतात. असे तीनशेहून अधिक आश्रयदाते नोंदवले गेले आहेत. चंदनाचे पिकलेले जांभळट काळे फळ बुलबुल, कोकीळ यांसारखे पक्षी खातात आणि झुडपाच्या फांदीवर बसून बी खाली टाकतात. त्या एका क्रियेत बीजाला तीन गोष्टी मिळतात: सावलीतली सुटी माती, मुळांना धरावयास शेजाऱ्यांची मुळे, आणि चरणाऱ्या जनावरांपासून काट्यांचा आडोसा. चंदनाचे कोवळे पान गुरांना व बकऱ्यांना फार आवडते. उघड्यावर रुजलेले रोप बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच खाल्ले जाते. झुडपात रुजलेले, काट्यांतून डोके बाहेर काढीपर्यंत, सुरक्षित राहते.

वनखात्यातील अनुभवी मंडळींना हे ठाऊक होते, म्हणूनच चंदनाच्या लागवडीची एक अगदी साधी पद्धत रूढ झाली. सुमारे दीड मीटर लांबीची बांबूची पोकळ नळी घ्यावयाची, तिचे एक टोक अणकुचीदार करावयाचे, ते झुडपाच्या बुंध्याशी जमिनीत खुपसावयाचे आणि वरून नळीत बिया सोडावयाच्या. खड्डा, कुंपण किंवा पाणी यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. जे पक्षी करीत आले तेच माणसाने नळीने केले. मात्र त्यासाठी उतारावर आधी झुडूप असावे लागते.

चंदनाची पुढील कथा सर्वश्रुत आहे. १७९२ च्या सुमारास टिपूने त्याला राजवृक्ष ठरवले. नंतरच्या राजवटींनी तो हक्क सोडला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे जाणारे लाकूड अडले तेव्हा म्हैसूर संस्थानाने तेल गाळण्याचे कारखाने स्वतःच उभारले. स्वतःच्या जमिनीत उगवलेल्या चंदनावर शेतकऱ्याला मालकी मिळण्यास मात्र २००१ सालची कायदादुरुस्ती यावी लागली. तोपर्यंत शेताच्या बांधावर चंदन उगवणे हे संकट मानले जात असे. चोरटी तोड आणि १८९९ मध्ये कूर्गमध्ये प्रथम नोंदला गेलेला ‘स्पाइक’ रोग, ज्यात पाने आखूड होऊन झाड मरते, यांनी रानातले चंदन विरळ केले. या दोन कारणांची चर्चा पुष्कळ होते. ज्या झुडपांत चंदन रुजते ती झुडपेच नाहीशी होत गेली, हे तिसरे कारण क्वचितच सांगितले जाते.

याचे मूळ बऱ्याच अंशी शब्दांत आहे. चॅम्पियन व सेठ यांनी १९६८ मध्ये भारतीय वनांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले त्यात दक्षिणेतील काटेरी वनाला स्वतंत्र स्थान आहे, पण काटेरी खुरटे रान त्यात ऱ्हास पावलेली अवस्था म्हणून गणले आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत ज्या वनभूमीवर वृक्षांचे छत्र दहा टक्क्यांहून कमी असते ती ‘झुडपी’ ठरते. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात तर झुडपी जमीन पडीक जमिनीच्याच एका प्रकारात मोडते. ‘पडीक’ म्हणजे जिचा काही उपयोग होत नाही ती. हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे. या वर्गीकरणात तथ्यांश नाही असे नव्हे. पुष्कळ ठिकाणी कुऱ्हाड, आग व अतिचराई यांनी पूर्वीचे पानझडी वन खुरटे झाले आहे, आणि शहराजवळच्या चामुंडी टेकडीवर हे अधिकच संभवते. पण उघड्या ग्रॅनाइटच्या पाठीवर, जेथे वीतभर माती नाही, तेथे उंच वन कधी काळी होते असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. तेथील झुडूप ही उतरती पायरी नसून पहिली पायरी असू शकते.

जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीतरी लावणे ओघानेच येते. म्हैसूर राज्यात ते काम प्रामुख्याने निलगिरीने केले. नंदी टेकडीवरील जुन्या झाडांपासून निघालेली तिची जात ‘म्हैसूर गम’ या नावाने देशभर गेली. चामुंडीच्या उतारांवरही निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची लागवड झाली. दुरून टेकडी हिरवी दिसू लागली हे खरे. पण निलगिरीला बुलबुलाने खावे असे रसाळ फळ येत नाही, तिच्या सरळ खोडाखाली रोपट्याला आडोसा मिळत नाही, आणि तिची तेलकट पाने सहजी कुजत नाहीत. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली ती मुख्यतः भूजलाच्या चिंतेने. झुडपांचा विचार त्यामागे नव्हता.

झुडपी रानावरच अवलंबून असलेले प्राणी थोडे नाहीत. पिवळ्या गळ्याचा बुलबुल हा पक्षी दक्षिण भारतातील खडकाळ, झुडपी टेकड्यांखेरीज अन्यत्र कोठेही राहत नाही. नंदी टेकडी हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण. चामुंडीचे राखीव वन दीड हजार एकरांच्या आसपास आहे आणि शहराने तिन्ही-चारी बाजूंनी वेढले असतानाही तेथे बिबट्या अधूनमधून दिसतो. उंच झाडांच्या ओळींत त्याला लपता आले नसते.

आणि उताराचे काय? २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झालेल्या जोरदार पावसात नंदीकडे जाणारा रस्ता वारंवार खचला व तो वाहतुकीस बंद करावा लागला. उतार कापून केलेला रस्ता आणि मुरलेले पाणी हे अशा खचण्याचे नेहमीचे कारण असते; केवळ झुडपांनी तो वाचला असता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि, फटींत खोलवर गेलेली करवंदाची व हेकळाची मुळे भरड मातीला शिवून ठेवतात. ती तोडली की प्रत्येक सरीबरोबर थोडी वाळू खाली जाते, आणि गेलेली वीतभर माती पुन्हा साठण्यास किती पिढ्या लागतात हे ग्रॅनाइटच जाणे.

आता त्या उलट उदाहरणाकडे वळू. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग एके काळी दक्षिण भारतात एवढा माजला होता की शेते व गावठाणे त्याने व्यापली. १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलवर्गीय कीटक आणून सोडल्यावर काही वर्षांतच तो आटोक्यात आला. घाणेरीच्या बाबतीत असा कीटक सापडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलेले हे अमेरिकी झुडूप आज चामुंडीसह कर्नाटकातील बहुतेक कोरड्या रानांत पसरले आहे. तिलाही बारीक काटे आहेत, तिची काळी फळेही पक्षी खातात. फरक असा की ती इतर झुडपांमध्ये मोकळी जागा ठेवीत नाही. करवंद व हेकळ बेटाबेटाने वाढतात आणि मधल्या खडकावर आग थांबते. घाणेरी सलग पसरते आणि फेब्रुवारी ते एप्रिलमधील वणव्याला उतारभर वाट करून देते. आगीनंतर सर्वांच्या आधी फुटते तीही घाणेरीच.

तिला काढण्याची परिणामकारक रीत श्रमाची आहे. नुसती वरून छाटल्यास ती दुप्पट फुटते. म्हणून मुळाचा माथा जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडून संपूर्ण झुडूप उलटे ठेवावे लागते, आणि पुढील दोन-तीन वर्षे, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, नवी रोपे उपटावी लागतात. यंत्राने सरसकट उतार खरवडण्याचा मोह येथे टाळावा लागतो. जुन्या वनाधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवल्याप्रमाणे चंदन घाणेरीच्याही जाळीत रुजते व तिच्या मुळांवरही पोसले जाते. त्यामुळे तोडणाऱ्याने कोयता चालवण्यापूर्वी प्रत्येक जाळी काठीने बाजूला सारून आत पाहावे लागते. समोरासमोर येणारी, लंबगोल, तुकतुकीत पानांची कोवळी काडी दिसली तर तेवढी जाळी पावसाळा संपेपर्यंत तशीच ठेवावयाची, तिच्या शेजारी करवंद किंवा बोर लावावयाची, आणि त्या झुडपाने चंदनाच्या मुळाला हात दिल्यावरच घाणेरी काढावयाची.